‘डॉक्टर, जरा याचंही बघता का?’
पाळीव प्राण्यांचे घरगुती उपचार आणि वैद्याची मर्यादा



खेड्यात व्यवसाय करणाऱ्या प्रत्येक वैद्यास शीर्षकातील प्रश्न परिचयाचा असेल. रुग्ण आपली नाडी दाखवून होतो, औषधाच्या पुड्या पिशवीत ठेवतो आणि उठता उठता म्हणतो, ‘डॉक्टर, घरचं कुत्रं दोन दिवस खात नाही. काही चूर्ण असेल तर द्या.’ सणसरसारख्या गावात, जिथे ऊस, नीरा डावा कालवा आणि भवानीनगरच्या साखर कारखान्याभोवती सारे जीवन फिरते, तिथे वस्तीवर कुत्रे नाही असे घर विरळा. अलीकडे शहरातून आलेल्या सुना-मुलांबरोबर मांजरेही घरात सोफ्यावर बसू लागली आहेत. जनावर घरचे झाले की त्याचा आजारही घरचा होतो, आणि घरचा आजार म्हटला की प्रथम आठवण होते ती घरच्या वैद्याची. हा विश्वास आपले भूषण आहे. मात्र या विश्वासापोटी आपण काय करतो याचा विचार आपल्या व्यासपीठावर फारसा झालेला नाही. तो व्हावा, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

एक अनुभव

काही वर्षांपूर्वी ऐन गळीत हंगामात एका वस्तीवरील शेतकरी आपला कुत्रा गोणपाटात गुंडाळून दवाखान्यात घेऊन आले. कुत्र्याचा खालचा जबडा लोंबत होता, तोंडातून लाळेची तार लागली होती, पाणी समोर ठेवले तरी गिळता येत नव्हते. मालकांचे निदान ठाम होते : ‘घशात हाड अडकलंय. तेवढं काढा, की झालं.’ बरोबर त्यांचा दहा-अकरा वर्षांचा मुलगा होता. दोन दिवस तोच त्याला हाताने दूध पाजण्याचा प्रयत्न करीत होता.

मीही हाडच धरून चाललो. बॅटरी घेतली, जिव्हा दाबण्याची पट्टी घेतली आणि उघड्या हातांनी घसा तपासला. हाड दिसले नाही. तेव्हा कोठे एका परिचित पशुवैद्यकांस दूरध्वनी केला. लक्षणे ऐकताच ते म्हणाले, ‘हात बाहेर काढा आणि साबणाने धुवा. तो हाडाचा घास नसेल, पिसाळल्याचा दुसरा प्रकार असेल.’ कुत्रा तिसऱ्या दिवशी गेला. त्या घरातील तिघांनी आणि मी अशा चौघांनी प्रतिबंधक लसीचा पूर्ण क्रम घेतला. चौघेही सुखरूप आहोत. परंतु ते दिवस मोजताना माझ्या मनात एकच विचार होता. अलर्कविषाचा पाठ मी महाविद्यालयात पाठ केला होता, परीक्षेत त्यावर गुणही मिळवले होते. तरीही प्रत्यक्ष प्राणी समोर आला तेव्हा त्याचे लक्षण मला ओळखता आले नाही. कारण मी रुग्ण ओळखायला शिकलो तो माणूस. कुत्रा नव्हे.

पिसाळलेला प्राणी म्हणजे अंगावर धावून येणारा, हे चित्र आपल्या मनात पक्के असते. जबडा व घसा लुळा पडून मुकाट बसणारा प्रकार तितकाच घातक असतो. ‘घशात काहीतरी अडकले’ ही त्याची सर्वांत फसवी ओळख. सुश्रुताचार्यांनी कल्पस्थानाच्या सातव्या अध्यायात अलर्कविषाचे वर्णन करून जलत्रास झालेला रुग्ण असाध्य सांगितला आहे. लक्षणे प्रकट झाल्यावर या रोगातून सुटका जवळपास नाही, ही स्थिती आजही बदललेली नाही. बदलले आहे ते इतकेच की लक्षणांपूर्वीचा मार्ग आता आपल्या हाती आहे : जखम वाहत्या पाण्याने व साबणाने पंधरा मिनिटे धुणे, वेळेवर लस, आणि खोल जखमेत लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन. चाव्यावर मिरची, चुना वा हळद भरून घरी बसवणे म्हणजे तो मार्ग आपल्या हाताने बंद करणे होय.

‘वनस्पतीच तर आहे, अपाय काय होणार?’

हा युक्तिवाद आपल्यापैकी अनेकजण करतात. माणसाला आपण अमुक औषध द्यावे की नाही हे ठरविताना प्रकृती, बल, वय, अग्नी, सात्म्य पाहतो. मग ज्या प्राण्याची प्रकृतीच भिन्न, ज्याचे सात्म्य भिन्न, त्याला वजनाच्या हिशोबाने अर्धी गोळी देऊन मोकळे होणे हे कोणत्या शास्त्रात बसते? आपल्या कपाटातीलच काही उदाहरणे घेऊ.

अग्नितुंडी वटी अग्निमांद्यावर आपण सहज देतो. तिच्यात शुद्ध कुचला मोठ्या प्रमाणात असतो. या कुचल्याचेच विषारी सत्त्व खाद्यात घालून भटकी कुत्री मारण्याची पद्धत आपल्याकडे अनेक नगरपालिकांत होती, हे ज्येष्ठांना आठवत असेल. ‘खात नाही’ म्हणून आणलेल्या कुत्र्यास ही वटी देणे किती धोक्याचे आहे, हे निराळे सांगावयास नको.

लशुनादी वटी अजीर्णावर उत्तम. परंतु लसूण आणि कांदा हे कुत्र्या-मांजरांच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करतात. मांजर याबाबत अधिकच नाजूक असते. जी लसूण आपल्याला रसायन, ती त्यांना पांडुरोगाचे निमित्त.

द्राक्षासव अशक्तपणावर दिला जातो. द्राक्षे व मनुका यांमुळे काही कुत्र्यांचे वृक्क एक-दोन दिवसांत निकामी होतात. द्राक्षांतील टार्टारिक आम्ल त्यास कारण असावे, असे अलीकडचे मत आहे. शिवाय आसव-अरिष्टांत स्वयंजनित मद्यार्क असतोच. पाच किलोच्या प्राण्यास दोन चमचे आसव म्हणजे किती, याचा हिशोब ज्याने त्याने करावा.

त्रिभुवनकीर्तीची कथा आणखी बोधप्रद आहे. मालक घरच्या तापमापकाने कुत्र्याचे तापमान घेतो. ते १०२ अंश फॅरनहाइट भरते. घाबरून तो आपल्याकडे येतो आणि ताप म्हणून आपण वत्सनाभयुक्त कल्प देतो. वास्तविक निरोगी कुत्र्याचे व मांजराचे तापमानच साधारण १०१ ते १०२.५ अंश असते. म्हणजे नसलेल्या ज्वरावर आपण विषद्रव्याचा प्रयोग केला!

मांजराविषयी एक गोष्ट सर्वांनी ध्यानात ठेवावी. अनेक द्रव्यांचे विष उतरवणारी यकृताची एक मुख्य प्रक्रिया मांजरात अतिशय दुर्बल असते. त्यामुळे माणसाला निरुपद्रवी वाटणारी पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. कापूर, निलगिरी तेल, टर्पेंटाइन यांचेही तसेच. आणि मांजर दिवसभर स्वतःचे अंग चाटत असल्याने त्याच्यासाठी प्रत्येक बाह्य लेप हा आभ्यंतर प्रयोगच ठरतो. सीताफळाच्या बियांची पूड गोचिडांवर लावतात. ती डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते. खरजेवर जळके ऑईल किंवा रॉकेल चोळण्याचा प्रघात आपल्या भागात आहे. तो उपचार नव्हे, दुसरा आजार आहे.

जिथे आपले सिद्धांत फसवतात

औषधांपेक्षाही अधिक फसगत होते ती निदानाची. कारण लक्षण ओळखीचे वाटते आणि रोग मात्र निराळाच असतो.

लंघन हे आपले परमौषध. सुदृढ प्रौढ कुत्र्याचे पोट किंचित बिघडले तर एक वेळचे अन्न टाळणे योग्यच. पण लहान पिल्लास उपाशी ठेवले तर रक्तातील साखर उतरून ते मरू शकते; आणि मांजर, विशेषतः लठ्ठ मांजर, दोन-तीन दिवस जेवले नाही तर त्याच्या यकृतात मेद साचून प्राणावर बेतते. मांजराचे न जेवणे ही वाट पाहण्याची गोष्ट नाही.

एका गृहस्थांनी बोका वारंवार बसून कुंथतो म्हणून बद्धकोष्ठावर एरंडेल मागितले होते. बोक्यास शौचाचा नव्हे, तर मूत्रमार्ग अडल्याचा त्रास असण्याचा संभव अशा वेळी फार मोठा असतो. त्यात चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत मृत्यू ओढवू शकतो. एरंडेलात गेलेला दिवस हा त्याचा शेवटचा दिवस ठरू शकतो.

कुत्रीला ‘पांढरे जाते’ म्हणून अशोकारिष्टाची मागणी करणारेही भेटतात. माजावर येऊन गेल्यावर एक-दोन महिन्यांनी कुत्री फार पाणी पिऊ लागली, मलूल झाली आणि स्राव दिसू लागला, तर गर्भाशयात पू साठल्याची शक्यता असते. स्राव बाहेर न येताही पू साठतो, तेव्हा तर धोका अधिकच. तेथे बहुधा शस्त्रकर्म हाच मार्ग.

आणि एक माझी स्वतःची चूक, जी लिहिताना अजूनही संकोच वाटतो. चार महिन्यांचे एक पिल्लू उलट्या व दुर्गंधीयुक्त, रक्तमिश्रित जुलाबांनी बेजार होऊन आले होते. मी रक्तातिसार समजून कुटजघनवटी दिली, ताकाची निवळी सांगितली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. तो पार्वो विषाणूचा आजार असावा, हे मला नंतर समजले. त्यात शिरेवाटे द्रव देणे हाच मुख्य आधार, आणि दीड-दोन महिन्यांच्या वयापासून टोचली जाणारी लस हाच खरा उपाय. माझ्या वटीने ते पिल्लू मारले नाही. पण माझ्या वटीच्या भरवशावर मालक रात्रभर घरी थांबले, हे खरे आहे. चुकीच्या उपचाराचा सर्वांत मोठा दोष हाच. तो औषधाने जितका अपाय करतो, त्याहून अधिक वेळ खाऊन करतो.

शास्त्र काय सांगते

‘आयुर्वेदात पशुचिकित्सा आहे ना?’ असा प्रश्न येथे येईल. आहे, आणि ती अभिमानास्पद आहे. पालकाप्यांचा हस्त्यायुर्वेद हा प्रचंड ग्रंथ पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९४ साली छापून प्रसिद्ध केला. शालिहोत्रांच्या नावे अश्वचिकित्सेची परंपरा आहे. जयदत्तांचे अश्ववैद्यक आहे. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानातील अकराव्या अध्यायात हत्ती, उंट, गाय, घोडा, शेळ्या-मेंढ्या यांच्या बस्तीचाही विचार आला आहे.

परंतु या परंपरेतून मला बोध होतो तो वेगळा. हत्तीसाठी निराळा ग्रंथ, घोड्यासाठी निराळा ग्रंथ, त्यांचे आचार्य निराळे. म्हणजे मानवचिकित्सा येते म्हणून गजचिकित्सा आपोआप येते, असे पूर्वसूरींनी मानले नाही. शिवाय हे ग्रंथ प्रामुख्याने राजाश्रयाच्या आणि उपजीविकेच्या प्राण्यांचे आहेत. कुत्रा-मांजरांविषयी त्या मानाने अल्पच सापडते.

अधिकाराचा प्रश्न तर चरकाचार्यांनी स्वतःच सोडविला आहे. गुल्मचिकित्सेत पक्व गुल्माचा प्रसंग येताच ते तो विषय धान्वंतर संप्रदायाच्या शल्यवैद्यांकडे सोपवतात. नेत्ररोगांचा उल्लेख येतो तेव्हा दुसऱ्याच्या अधिकारातील विषय म्हणून विस्तार टाळतात. ज्यांच्या नावाने आपण व्यवसाय करतो त्यांना रुग्ण दुसऱ्याकडे पाठविण्यात कमीपणा वाटला नाही. आपल्याला तो का वाटावा?

कायदा आणि आपली मागणी

भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ अन्वये पशुवैद्यकीय व्यवसाय करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकांस आहे. पशुधन पर्यवेक्षकांसारख्या पदविका-प्रमाणपत्रधारकांस राज्य शासन काही किरकोळ सेवांची मुभा देऊ शकते, तीही नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. आपली बी.ए.एम.एस. पदवी व नोंदणी त्यात कोठेही बसत नाही. मालकाने आपल्या प्राण्याची घरी केलेली शुश्रूषा ही एक गोष्ट आणि आपण आपल्या चिठ्ठीवर त्यास औषध लिहून देणे ही अगदी वेगळी गोष्ट.

बोगस डॉक्टरांवर कारवाई व्हावी अशी मागणी आपल्या संघटना वर्षानुवर्षे करीत आहेत. प्रशिक्षण नसताना दुसऱ्याच्या जिवाशी खेळू नये, हीच त्या मागणीमागची भूमिका ना? तर मग तोच न्याय आपल्याला लावून पाहिला पाहिजे. प्राणी तक्रार करीत नाही, म्हणून आपला दोष लहान होत नाही.

लोक आपल्याकडे का येतात

एवढे सांगून थांबणे मात्र अर्धवट ठरेल. लोक हौसेने वैद्याकडे कुत्रे आणीत नाहीत. गावचा पशुवैद्यकीय दवाखाना गाई-म्हशींच्या कामात गढलेला असतो. दुधाच्या अर्थकारणात तेच स्वाभाविक आहे. कुत्र्या-मांजरांची चिकित्सा करणारे खासगी पशुवैद्यक पाहावयाचे तर बारामती गाठावी लागते. अवघड शस्त्रकर्म असेल तर शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयापर्यंत किंवा पुण्यापर्यंत जाणे आले. गाडीभाडे, शुल्क, बुडालेला रोजगार यांचा हिशोब करून गरीब माणूस जवळच्या दाराशी येतो. त्याला ‘हे माझे काम नाही’ म्हणून परत धाडणे सोपे आहे. पण तो तेथून पशुवैद्यकाकडे न जाता भोंदूकडे किंवा घरी गेला, तर आपण नियम पाळला आणि प्राणी गमावला.

या मातीत प्राण्याविषयीची माया फार जुनी आहे. संत तुकाराम महाराजांची पालखी दरवर्षी आमच्या सणसरला मुक्कामी येते. त्याच दिवशी वाटेत काटेवाडीस मेंढ्यांचे रिंगण होते. कळपातील रोगराई टळावी ही मेंढपाळांची त्यामागील श्रद्धा. ज्यांना आपल्या मुक्या धनाचे आरोग्य पालखीपुढे मागावेसे वाटते, त्यांना योग्य वेळी योग्य दार दाखविणे हे आपलेच काम आहे.

घरी काय, दवाखान्यात काय

घरगुती उपचार सर्वस्वी त्याज्य आहेत असे माझे म्हणणे नाही. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने गाईंच्या स्तनदाहावर कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम व चुना १५ ग्रॅम यांचा लेप दूध उत्पादकांपर्यंत पोहोचविला आहे. म्हणजे विशिष्ट प्राणी, विशिष्ट रोग आणि निश्चित प्रमाण ठरलेले असेल तेथे परंपरेला स्थान आहे. प्रश्न आहे तो अंदाजाचा.

घरी करण्याजोगे ते इतके : प्रौढ, खेळत्या कुत्र्यास एखाद-दुसरा पातळ जुलाब झाला तर एक वेळ पोटास विश्रांती, भरपूर पाणी, मग मऊ भात. किरकोळ खरचटल्यास स्वच्छ पाण्याने धुणे व चाटू न देणे. हातमोजे घालून गोचीड काढणे, अंथरूण उन्हात टाकणे. वृद्ध प्राण्यास ऊब, स्वच्छता व पशुवैद्यकांनी दिलेल्या औषधाची नियमितता. हे सारे पथ्यापथ्य आणि शुश्रूषा आहे, आणि त्याचे शिक्षण आपण उत्तम देऊ शकतो.

पुढील प्रसंगी मात्र एक तासही न दवडता पशुवैद्यकांकडे पाठवावे :

१. गिळता न येणे, लाळ गळणे, जबडा लोंबणे, अचानक बदललेला स्वभाव. अशा प्राण्याच्या तोंडात हात घालू नये.
२. पिल्लाच्या उलट्या-जुलाब, कोणत्याही वयात रक्त पडणे.
३. लघवीसाठी कुंथणे व लघवी न होणे.
४. हिरड्या पांढऱ्या, पिवळ्या वा निळसर दिसणे, धाप लागणे.
५. पोट एकाएकी फुगणे आणि ओकाऱ्या येऊनही काही न पडणे.
६. झटके, सर्पदंश, विषबाधेचा संशय, वाहनाची धडक.
७. तासाभराहून अधिक जोराच्या कळा येऊनही प्रसूती न होणे.
८. मांजराने चोवीस तास अन्न न घेणे.

आणि एक सावधगिरी. बेशुद्ध वा झटके येणाऱ्या प्राण्याच्या तोंडात काढा, तेल, दूध काहीही ओतू नये. ते पोटात न जाता फुफ्फुसात जाते.

काही विनम्र सूचना

औषधी विक्रेत्या मित्रांना एकच विनंती. चूर्ण, वटी, मलम देताना ‘कोणासाठी?’ हा प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियमातील आयुर्वेदिक औषधाच्या व्याख्येत मनुष्य आणि प्राणी या दोहोंचा समावेश आहे. म्हणूनच प्राण्यांसाठीची स्वतंत्र आयुर्वेदिक उत्पादने बाजारात परवान्यासह मिळतात. पशुवैद्यकांनी सुचविल्यास ती जरूर द्यावीत. माणसाची बाटली प्राण्यासाठी देऊ नये, आणि कुत्र्यासाठीचे गोचीडनाशक मांजरासाठी तर मुळीच देऊ नये. त्यातील परमेथ्रिन मांजरास मारक असते. शंभर रुपयांची विक्री बुडेल, पण दुकानावरील विश्वास वाढेल.

वैद्यबंधूंनी आपल्या दवाखान्यात जवळच्या पशुवैद्यकांचा क्रमांक आणि पशुआरोग्य सेवेचा १९६२ हा नि:शुल्क क्रमांक ठळक लावावा. प्राणी घेऊन आलेल्या मालकास चार ओळींची चिठ्ठी द्यावी : केव्हापासून त्रास, काय खाल्ले, घरी काय दिले, लस झाली आहे की नाही. स्वतः फोन करून पुढची वेळ ठरवून दिली तर गरीब मनुष्य अर्ध्या वाटेतून परत फिरत नाही. कुत्रा पाळणाऱ्या प्रत्येक रुग्णास ‘वार्षिक लस झाली का?’ हे नाडी पाहतानाच विचारावे. आपल्या संघटनेने तालुका पातळीवर वर्षातून एकदा पशुवैद्यकांसमवेत एकत्र बैठक घ्यावी. प्राण्यांकडून माणसांत येणाऱ्या रोगांवर दोघांनाही एकमेकांकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

त्या वस्तीवरच्या मुलाने लसीच्या शेवटच्या दिवशी मला विचारले होते, ‘आधीच दुसरीकडं नेलं असतं तर तो वाचला असता का?’ रोग जडल्यावर तो वाचला नसता, हे मी त्याला खरे सांगितले. पण वेळीच टोचलेल्या लसीने तो वाचला असता. तसेच, मी आधी ओळखले असते तर त्या मुलाच्या हातांना त्या लाळेचा आणखी एक दिवस स्पर्श झाला नसता. हे मात्र मी त्याला सांगू शकलो नाही. आज आपणा सर्वांस सांगत आहे.

त्यांच्या घरी आता नवे पिल्लू आहे. लसीच्या कार्डासह ते प्रथम माझ्याकडे दाखवायला आणले होते. मी कार्ड पाहिले, पुढची तारीख मोठ्या अक्षरांत लिहून दिली आणि हात धुतले. वैद्य म्हणून माझे काम तेथेच संपत होते, आणि ते मला पुरेसे वाटले.

— एक वैद्य, सणसर (ता. इंदापूर, जि. पुणे)